बेघरांसाठी सामुदायिक सेवा : एका रात्रीपलीकडचे नियोजन

मुंबई–हावडा लोहमार्गावरील रायपूर हे शहर १ नोव्हेंबर २००० रोजी नव्या छत्तीसगड राज्याची राजधानी झाले. भातगिरण्या आणि व्यापारपेठ ही त्याची जुनी ओळख. उरला व सिलतरा येथील पोलाद कारखाने, नव्या राजधानीची बांधकामे, डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय आणि २०१२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांमुळे गेल्या पाव शतकात या शहराकडे येणाऱ्यांचा ओघ वाढत गेला. कोणी मजुरीसाठी येतो, कोणी आजारी माणसाला घेऊन येतो, तर कोणी पुढच्या गाडीची वाट पाहत थांबतो. भातकापणी आटोपल्यावर वीटभट्ट्यांच्या कामासाठी परराज्यांत जाणारी कुटुंबे बोचकी आणि मुलाबाळांसह रेल्वे स्थानकावर रात्र काढतात. यांपैकी बहुतेकांना परतण्यासाठी कोठे तरी घर असते. काहींना मात्र ते उरलेले नसते. स्थानकाचा परिसर, रुग्णालयाचे आवार किंवा बंद दुकानाची पायरी हाच त्यांचा पत्ता होतो.

डिसेंबर-जानेवारीत रायपूरचे सरासरी किमान तापमान १३ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते आणि थंडीच्या लाटेत ते आणखी खाली जाते. देशातील इतर शहरांप्रमाणे या दिवसांत युवक मंडळे, महाविद्यालये आणि सेवाभावी संस्था रस्त्यावर झोपणाऱ्यांना ब्लँकेटे वाटतात. या कार्यामागील सद्‌भावनेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु रात्री मिळालेले ब्लँकेट सकाळी ठेवायचे कोठे, हा प्रश्न वाटणाऱ्यांपैकी फार थोड्यांना पडतो. ज्याला दिवसभर हमाली करायची आहे, तो ते काखोटीला मारून फिरू शकत नाही. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीमागे लपवले, तर ते चोरीला जाते अथवा सफाईत उचलले जाते. परिणामी आठवड्याभरात तो माणूस पुन्हा उघड्यावर आणि पांघरुणाविना झोपलेला दिसतो. यात दोष घेणाऱ्याचा नाही आणि देणाऱ्याच्या हेतूचाही नाही; दोष नियोजनाचा आहे. बेघरांसाठीचा सेवा-उपक्रम एका रात्रीचा कार्यक्रम न राहता बेघर व्यक्ती आणि तिच्या हक्काच्या सार्वजनिक व्यवस्था यांना जोडणारा दुवा कसा होऊ शकेल, याचा विचार या लेखात केला आहे.

बेघर कोणाला म्हणावे?

जनगणनेच्या व्याख्येनुसार जी कुटुंबे इमारतीत किंवा जनगणना घरात राहत नाहीत, तर रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या सिमेंटच्या नळांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, प्रार्थनास्थळांच्या मोकळ्या जागेत, मंडपात किंवा रेल्वे फलाटावर राहतात, ती बेघर कुटुंबे होत. २००१ च्या जनगणनेत देशात सुमारे १९.४ लाख, तर २०११ मध्ये १७.७३ लाख व्यक्ती बेघर असल्याचे नोंदवले गेले. एकूण आकडा घटलेला दिसतो; पण त्याची फोड केली असता चित्र बदलते. ग्रामीण बेघरांची संख्या कमी झाली, तर शहरी बेघरांची संख्या सुमारे ७.८ लाखांवरून ९.३८ लाखांवर, म्हणजे २० टक्क्यांनी वाढली. राज्यांमध्ये उत्तर प्रदेशचा क्रमांक पहिला (३.२९ लाख) आणि महाराष्ट्राचा दुसरा (२.१० लाख) होता. बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर आढळले.

ही गणना कशी होते, हे परीक्षार्थींनी लक्षात घेण्याजोगे आहे. घरांतील लोकसंख्येची गणना सुमारे तीन आठवडे चालते. बेघरांची गणना मात्र एकाच रात्री केली जाते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. एका रात्रीत अंधाऱ्या जागा शोधून झोपलेल्या माणसांची नोंद करणे किती अवघड असेल, याची कल्पना करता येते. त्या रात्री कामावर असलेला पहारेकरी, लग्नाच्या मंडपात भांडी घासणारी स्त्री, पोलिसांच्या भीतीने जागा बदललेला तरुण हे सारे मोजणीतून निसटू शकतात. म्हणूनच या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था अधिकृत आकडा किमान मानतात.

बेघर म्हणजे भिकारी, हा समजही तपासून पाहावा लागेल. रस्त्यावर राहणाऱ्यांपैकी बरेच जण हमाल, सायकलरिक्षा चालक, भंगार वेचणारे, हॉटेलात किंवा बांधकामावर राबणारे असतात. शहराला त्यांचे श्रम हवे असतात. त्या श्रमाच्या मोबदल्यात भाड्याची खोली मात्र परवडत नाही. भिक्षाप्रतिबंधक कायद्यांमुळे अशा लोकांनाही अटकेची धास्ती वाटत आली आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ दिल्लीलाही लागू होता. भीक मागणे गुन्हा ठरवणाऱ्या त्याच्या तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्या क्षेत्रापुरत्या घटनाबाह्य ठरवल्या.

निवारा : दया नव्हे, हक्क

या विषयाचा कायदेशीर पाया मुंबईच्या पदपथांवर घातला गेला. १९८१ साली पदपथवासीयांना हटवण्याच्या निर्णयाविरुद्ध दाखल झालेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील या पीठाने उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. पदपथावर कायम राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही. ही दुसरी बाजू अनेकदा उत्तरपत्रिकेतून गळते. माणूस कामाच्या जागेजवळ राहतो, कारण दूर राहिल्यास काम हातचे जाते, ही गोष्ट या खटल्याच्या निमित्ताने प्रथमच न्यायालयीन चर्चेच्या केंद्रस्थानी आली.

पुढचा टप्पा अन्नाच्या हक्काच्या खटल्यातून आला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये दाखल केलेल्या याचिकेच्या ओघात, २०१० च्या जानेवारीत दिल्लीतील कडाक्याच्या थंडीच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने बेघरांच्या निवाऱ्याचा प्रश्न हाती घेतला. दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० व्यक्तींसाठी चोवीस तास खुला राहणारा निवारा, हे प्रमाण तेव्हापासून रूढ झाले. २४ सप्टेंबर २०१३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ‘शहरी बेघरांसाठी निवारा’ हा स्वतंत्र घटक ठेवण्यात आला आणि हेच प्रमाण स्वीकारण्यात आले. प्रत्येक निवाऱ्यात ५० ते १०० व्यक्तींची सोय, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, स्नानगृह व शौचालय, स्वयंपाकाची जागा, प्रथमोपचार, अग्निसुरक्षा आणि अंगणवाडीशी जोडणी अशा अपेक्षा मार्गदर्शक सूचनांत नोंदवलेल्या आहेत. स्त्रिया, वृद्ध, मानसिक रुग्ण, आजारातून उठलेले आणि कुटुंबे यांच्यासाठी वेगळ्या निवाऱ्यांची तरतूदही त्यांत आहे. पुढे ‘दीनदयाळ अंत्योदय योजना’ या नावाने चाललेल्या या अभियानाचा कालावधी ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपला. निवाऱ्याच्या नियोजनासाठी त्याने घालून दिलेले मोजमाप मात्र आजही उपयोगी पडते.

हे मोजमाप रायपूरला लावून पाहता येईल. २०११ च्या जनगणनेनुसार रायपूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १० लाख १० हजार होती. दर लाखामागे १०० या हिशेबाने तेथे किमान एक हजार व्यक्तींची सोय हवी; म्हणजे शंभर जणांचे दहा किंवा पन्नास जणांचे वीस निवारे. लोकसंख्या वाढेल तशी ही गरजही वाढणार. परीक्षेसाठी अभ्यास करणाऱ्याने आपल्या शहराचा असाच हिशेब मांडावा आणि प्रत्यक्षातील निवाऱ्यांची संख्या महानगरपालिकेकडून मिळवून शेजारी लिहावी. एका प्रकरणाच्या वाचनातून जे कळत नाही, ते या दोन आकड्यांतील अंतरावरून कळते.

देशभर हे अंतर मोठे असल्याचे सर्वोच्च न्यायालयासमोरही आले. ई. आर. कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निधी उपलब्ध असूनही निवाऱ्यांची संख्या गरजेपेक्षा फार कमी असल्याचे या समितीच्या पाहणीतून पुढे आले.

निवारा रिकामा, पदपथ भरलेला

संख्येइतकाच गंभीर प्रश्न वापराचा आहे. अनेक शहरांत निवाऱ्यातील काही खाटा रिकाम्या राहतात आणि त्याच रात्री थोड्या अंतरावर माणसे उघड्यावर झोपलेली असतात. वरवर पाहणारा म्हणतो, ‘यांना निवाऱ्यात यायचेच नाही.’ कारणे विचारली तर ती अगदी व्यवहारी निघतात. पहाटे चार वाजता भाजीबाजारात माल उतरवणाऱ्या हमालाला पाच किलोमीटरवरचा निवारा निरुपयोगी असतो. रिक्षावाल्याला रिक्षा बाहेर सोडून आत झोपता येत नाही. नवरा-बायको आणि मुले यांना एकत्र राहता येईल अशी खोली नसेल, तर कुटुंब फुटण्यापेक्षा पदपथ पत्करला जातो. दारावर ओळखपत्र मागितले जाते आणि ते तर नेमके पावसात भिजून किंवा चोरीला जाऊन हरवलेले असते. स्त्रियांना सुरक्षिततेची शंका असते. काहींना केवळ निवारा आहे, हेच ठाऊक नसते.

निवारे रेल्वे स्थानक, बस आगार, घाऊक बाजार अशा बेघरांच्या वस्तीच्या व कामाच्या ठिकाणांजवळ असावेत, असे मार्गदर्शक सूचना सांगतात ते यासाठीच. पण शहरात मोक्याची जागा महाग असते आणि मोकळी सरकारी इमारत बहुधा शहराच्या टोकाला सापडते. अशा वेळी निवारा उभा राहतो. त्याचा उपयोग मात्र होत नाही.

स्वयंसेवकांचे खरे काम येथे सुरू होते. प्रशासनाकडे इमारत, निधी आणि अधिकार असतो. रात्री अकरा वाजता रस्त्यावर बसून एखाद्याला ‘तुम्ही आत का येत नाही’ असे शांतपणे विचारण्यास लागणारा वेळ त्याच्याकडे क्वचितच असतो. महाविद्यालयीन विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, मोहल्ल्यातील महिला बचत गट यांच्याकडे तो असू शकतो.

आधी मोजणी, मग वाटप

या पद्धतीचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण मुंबईतील भायखळ्याचे आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या स्पार्क या संस्थेने पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांबरोबर काम सुरू केले. ओल्गा टेलिस निकालानंतर झोपड्या हटवल्या जाण्याची भीती असताना या संस्थेने सहा हजारांहून अधिक पदपथवासी कुटुंबांची पाहणी केली आणि १९८५ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. ही कुटुंबे कोठून आली, किती वर्षे येथे आहेत, काय काम करतात, किती कमावतात, हे त्यातून प्रथमच नीटपणे समोर आले. पदपथवासी म्हणजे काल आलेले उपरे, या समजाला त्या आकड्यांनी छेद दिला. अनेक कुटुंबे दशकाहून अधिक काळ तेथेच होती आणि कामाला पायी जात होती.

त्यानंतर या स्त्रियांनी ‘महिला मिलन’ या नावाने बचत सुरू केली, घराचे आराखडे स्वतः आखले आणि पुनर्वसनासाठी शासनाशी वाटाघाटी केल्या. जोकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ त्यांच्या सोबत होता. अर्पुथम यांना २००० मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे मानखुर्द येथे पदपथवासी कुटुंबांची ‘मिलन नगर’ ही गृहनिर्माण संस्था उभी राहिली. पदपथावरून पक्क्या घरापर्यंतचा हा प्रवास फार लांबला, हे खरे आहे. पण त्याची सुरुवात एखाद्या वस्तूच्या वाटपाने झाली नव्हती, तर नोंदीने झाली होती.

अमेरिकेत दरवर्षी जानेवारीच्या अखेरच्या दहा दिवसांतील एका रात्री शहरोशहरी बेघरांची मोजणी होते आणि तीत हजारो स्वयंसेवक भाग घेतात. आपल्याकडे दहा वर्षांतून एकदा होणाऱ्या गणनेच्या मधल्या काळात अशी स्थानिक पाहणी करण्यास कोणतीही अडचण नाही.

उपक्रमाची आखणी

रायपूरसारख्या शहरात एखाद्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकाने हिवाळ्यात उपक्रम घ्यायचे ठरवले, असे मानू. (राष्ट्रीय सेवा योजनेची सुरुवातही योगायोगाने २४ सप्टेंबरचीच, पण १९६९ ची, त्या वेळी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थी तीत होते. स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावी लागते.) पहिला निर्णय तारखेचा नव्हे, तर जागांचा असावा. मुख्य दिवसाच्या तीन-चार आठवडे आधी लहान गटांनी रात्री दहा ते बारा या वेळेत रेल्वे स्थानक, बसस्थानक, रुग्णालयांची आवारे, बाजारपेठा आणि उड्डाणपुलांखालील जागा पायी पाहून घ्याव्यात. या फेरीत काहीही वाटू नये. हात रिकामे असले की माणसे मोकळेपणी बोलतात आणि पुढच्या वेळी ओळख राहते. स्त्री स्वयंसेवक प्रत्येक गटात हव्यात. झोपलेल्या माणसाला उठवू नये. महानगरपालिका आणि स्थानिक पोलीस ठाणे यांना लेखी पूर्वसूचना द्यावी, अन्यथा रात्रीची ही वर्दळ पाहून रस्त्यावरचा माणूसच अडचणीत येतो.

नोंदवायच्या गोष्टी थोड्याच, पण नेमक्या असाव्यात : व्यक्ती एकटी आहे की कुटुंबासह, येथे किती काळापासून आहे, काय काम करते, कोणते कागद आहेत, आजार आहे का, निवाऱ्याची माहिती आहे का आणि तेथे न जाण्याचे कारण काय. नाव सांगणे ऐच्छिक असावे. छायाचित्रे काढू नयेत. अशा कार्यक्रमांत देणारा आणि घेणारा यांचे छायाचित्र काढण्याची प्रथा इतकी रूढ झाली आहे की, तीत काही गैर आहे असेही वाटेनासे झाले आहे. घर सोडून आलेली स्त्री, कर्जाला कंटाळून परागंदा झालेला शेतकरी यांच्यासाठी ते छायाचित्र लाजिरवाणे असते. प्रसंगी धोक्याचेही असते.

या फेऱ्यांतून काय द्यावे, हे आपोआप ठरते. ब्लँकेटाइतकीच गरज अनेकदा कुलूप लागणाऱ्या पेटीची असते. निवाऱ्यात अशा पेट्यांची रांग ठेवली, तर तेथे झोपायला येणाऱ्यांची संख्या वाढू शकते आणि वाटलेली पांघरुणेही टिकतात. कपड्यांच्या बाबतीत अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या गूंज संस्थेचा अनुभव विचारात घ्यावा. जुने कपडे दान म्हणून न देता गावाने मिळून केलेल्या कामाचा मोबदला म्हणून देण्याची पद्धत तिने रुजवली. गुप्ता यांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रायपूरचा उन्हाळाही विसरता कामा नये. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या बराच वर जातो आणि तेव्हा पदपथावरील माणसाला पाणी, सावली आणि क्षार-संजीवनीची गरज असते. तरीही बहुतेक सेवा-उपक्रम हिवाळ्यातच होतात.

अन्नवाटपाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. मोठ्या रुग्णालयाच्या दारात किंवा देवळाबाहेर सणाच्या दिवशी तीन-तीन संस्था पुरी-भाजी घेऊन येतात आणि अन्न वाया जाते; मंगळवारी रात्री त्याच ठिकाणी कोणी नसते. शहरातील सर्व गटांनी मिळून वार आणि जागा वाटून घेतल्या, तर एका पैशाचाही जादा खर्च न होता हा प्रश्न बराच सुटतो. लग्नसमारंभातील उरलेले अन्न वाटायचे असल्यास अतिरिक्त अन्नाच्या संकलन व वितरणासंबंधी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने केलेले २०१९ चे विनियम पाळावेत. गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवणे आणि ते लवकरात लवकर पोहोचवणे हा त्यातील व्यवहारी भाग आहे. विषबाधा झाली, तर रस्त्यावरच्या माणसाला रजा घेऊन पडून राहण्याची सोय नसते.

रुग्णालयाच्या आवारात झोपणारे रुग्णांचे नातेवाईक हा वेगळा वर्ग आहे. ते कायमचे बेघर नसतात. पण उपचार लांबले की हातातले पैसे संपतात आणि त्यांची अवस्था तीच होते. रुग्णाला खाट आणि जेवण मिळते. सोबत्याला काहीच मिळत नाही. महाराष्ट्रात गाडगेबाबांनी हे दुःख फार पूर्वी ओळखले होते. यात्रेकरूंसाठी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधणाऱ्या बाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी १९५४ मध्ये धर्मशाळा उभारली. दादर येथे कर्करुग्ण व त्यांच्या नातेवाइकांची सोय करणारी धर्मशाळाही त्यांच्याच मिशनची आहे. आयुष्यभर स्वतःसाठी झोपडीही न बांधणाऱ्या माणसाने हे केले. रायपूरला उपचारासाठी बस्तर, सरगुजा आणि ओडिशाच्या सीमेवरील भागातून माणसे येतात. त्यांच्यासाठी सेवा-उपक्रम आखताना रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकाला सोबत घेतल्यास कोणाला कधी घरी सोडणार आणि कोणाकडे परतीचे भाडे नाही, हे कळते.

कागद नावाची भिंत

पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून बँक खाते नाही आणि खाते नाही म्हणून थेट लाभ नाही, अशी ही साखळी आहे. क्षयरोगाचे उदाहरण घेता येईल. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून रुग्णाला आहारासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. ती खात्यात जमा होते. ज्याला सकस आहाराची सर्वाधिक गरज आहे, तोच पदपथावरील रुग्ण खाते नसल्यामुळे तीतून वगळला जाण्याचा धोका असतो. शिवाय सहा महिने औषधे नियमित घेण्यासाठी निदान एका जागी झोपावे लागते.

ही साखळी तोडण्याचे मार्ग कायद्यात आहेत. ते माहीत असणारे कमी आहेत. मतदार नोंदणीचेच पाहा. बेघर व्यक्तीने अर्जात जी झोपण्याची जागा लिहिली असेल, तेथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने एकाहून अधिक रात्री जाऊन ती व्यक्ती खरोखर तेथे झोपते, याची खात्री करावी, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. खात्री पटल्यास पत्त्याचा वेगळा पुरावा लागत नाही. अर्ज भरून देणे आणि अधिकाऱ्याबरोबर रात्री त्या जागेपर्यंत जाणे हे काम विद्यार्थी सहज करू शकतात. ब्लँकेट वाटण्यापेक्षा ते कमी आकर्षक आहे आणि त्याचे छायाचित्रही निघत नाही.

दोन गटांच्या बाबतीत मात्र स्वयंसेवकांनी स्वतः निर्णय घेऊ नयेत. पहिला गट मुलांचा. पालक नसलेले किंवा हरवलेले मूल आढळल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अशा मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. प्रौढांच्या निवाऱ्यात त्याला नेणे योग्य नव्हे.

दुसरा गट मानसिक आजारामुळे रस्त्यावर भटकणाऱ्यांचा. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वटवानी आणि डॉ. स्मिता वटवानी यांनी मुंबईत गटारातील पाणी करवंटीने पिणारा एक तरुण पाहिला. उपचारानंतर तो वैद्यकीय प्रयोगशाळेचे शिक्षण घेतलेला विज्ञान पदवीधर असल्याचे निष्पन्न झाले. त्या अनुभवातून १९८८ मध्ये ‘श्रद्धा’ ही पुनर्वसन संस्था जन्माला आली आणि २००६ पासून कर्जत येथे तिचे केंद्र चालू आहे. बरे झालेल्या रुग्णांना देशाच्या कानाकोपऱ्यातील त्यांच्या घरी पोहोचवणाऱ्या या कार्यासाठी डॉ. भरत वटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांत सार्वजनिक आरोग्य संस्थेत नेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही आणि बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यावा लागतो. हे कलम मुखोद्गत असलेला एक विद्यार्थी पोलीस ठाण्यात नम्रपणे उभा राहिला, तर अनेकदा तेवढ्यानेही काम होते.

कार्यक्रमानंतरचे दिवस

मुख्य दिवशी काय करावे, हे आतापर्यंतच्या तयारीवरून स्पष्ट होते. निवाऱ्याच्याच आवारात आरोग्य तपासणी, आधार व शिधापत्रिकेचे अर्ज, बँक खाते यांची एकत्रित व्यवस्था करावी. ‘एक देश एक शिधापत्रिका’ व्यवस्थेमुळे गावच्या शिधापत्रिकेवर शहरातही धान्य मिळू शकते, हे सांगणारा फलक हिंदी व छत्तीसगडी अशा दोन्ही भाषांत लावावा. त्या निमित्ताने माणूस निवारा आतून पाहतो आणि त्याच्याबद्दलची भीती कमी होते. भरलेल्या अर्जांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी दोन जणांवर तीन महिन्यांची जबाबदारी सोपवावी. बहुतेक उपक्रम येथेच ढेपाळतात. परीक्षा येतात, वर्ष बदलते, वही हरवते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याने वही महाविद्यालयात ठेवून पुढच्या तुकडीच्या हाती दिली, तर काम एका वर्षात संपत नाही.

पाहणीतून निघालेली माहिती, म्हणजे कोणत्या जागी किती माणसे झोपतात आणि ती निवाऱ्यात का येत नाहीत, नावे वगळून महानगरपालिकेला लेखी द्यावी. पुढील निवारा कोठे हवा, हे त्यावरून ठरवता येते. प्रधानमंत्री आवास योजना–शहरी २.० या २०२४ च्या योजनेत परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा घटक आहे. निवाऱ्यातून बाहेर पडून खोली भाड्याने घेऊ शकणारी कुटुंबे कोणती, याची यादी स्थानिक संस्थेकडे असल्याशिवाय त्याचा लाभ बेघरांपर्यंत पोहोचणे कठीण आहे. फिनलंडने २००८ पासून आधी घर आणि मग उपचार व रोजगार असा क्रम स्वीकारला आणि दीर्घकालीन बेघरांची संख्या घटवली. आपल्या शहरांची साधने वेगळी असली, तरी निवारा हा मुक्काम नसून टप्पा आहे, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

याच माहितीचा आणखी एक उपयोग आहे. २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक, बर्फाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ हा ठरवण्यात आला आहे. आधीच्या प्रथेप्रमाणे बेघरांची गणना एकाच रात्री व्हायची असेल, तर त्या रात्री प्रगणकाला कोणत्या पुलाखाली, कोणत्या फलाटाच्या टोकाला आणि रुग्णालयाच्या कोणत्या जिन्याखाली जायचे, हे आधी ठाऊक असावे लागेल. तीन हिवाळे रात्रीच्या फेऱ्या केलेल्या विद्यार्थ्यांच्या वहीत ते लिहिलेले असते.